पिंक फ्लॉइडचं सगळ्यात गाजलेलं गाणं खरंच पिंक फ्लॉइडचं आहे का?

बेसूर
काल रात्री 'अनदर ब्रिक इन द वॉल, पार्ट टू' हेडफोन लावून ऐकलं आणि जुनी कुरकुर परत वर आली. इथे टाकतोय, हाणा.

इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलेलं या इंग्लिश रॉक बँडचं हे एकमेव गाणं. आणि माझ्या मते नेमकं हेच त्यांनी केलेलं नाही, ते निर्माता बॉब एझरिननं केलंय. बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं लिहिलेलं मूळ गाणं होतं केवढं? एक कडवं, एक धृवपद, संपलं. जेमतेम सव्वा मिनिट. 'द वॉल' अल्बममधला एक सांधा, बस. एझरिनला त्यात हिट दिसलं, पण "आम्ही सिंगल (अल्बमपासून वेगळं विकलेलं सुटं गाणं) काढत नाही" म्हणून त्याला वाटेला लावलं. (इंग्लंडात १९६८ नंतर त्यांनी एकही सिंगल काढलं नव्हतं, म्हणजे माज पोकळ नव्हता.) मग या पठ्ठ्यानं मंडळी जवळ नसताना टेपची नक्कल काढली, तेच कडवं पुढे परत चिकटवलं, आणि दुसऱ्यांदा तेच ऐकून कंटाळा येऊ नये म्हणून त्यावर शाळेतली पोरं गायला लावली. १९७२ साली रॉकवाल्या ॲलिस कूपरच्या 'स्कूल्स आउट'मध्ये त्याचा पोरांचा आवाज वापरून झालाच होता, युक्ती हाताशी होती.

ती पोरं काढा आणि सांगा काय उरतं.

लाकडीपूल
सोलो उरतो. अजून काही?

बँडचा गिटारवाला गिल्मोर, त्यानं सोनेरी गिब्सन लेस पॉल गिटार सरळ मिक्सिंग डेस्कला जोडून सोलो वाजवलाय, नंतर तोच आवाज ॲम्पमधून काढलाय. म्हणून सुरुवातीचे सूर कोरडे, कानाशी बोट टिचकवल्यासारखे येतात आणि तरी मागे हवा आहे. शिवाय सगळं डोरियनमध्ये, म्हणजे आपला काफी थाट: गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. तो शुद्ध धैवत मागच्या जी मेजर कॉर्डमध्ये लागतो तेव्हा रडगाणं व्हायचं राहतं आणि ऐट येते. टेप कापून जोडायला आधी टेपवर काहीतरी असावं लागतं हो.

तिहाई
काफी थाट म्हणा, काफी राग म्हणू नका, एवढीच विनंती. बाकी चालू द्या.

लाकडीपूल
थाटच म्हटलंय. चष्मा लावा.

जुनं_खोड
मूळ मुद्दा दोघांनी सोडला. ताल डिस्कोचा आहे. १९७९ साली रॉकवाल्यांना डिस्को म्हणजे भजनाच्या मंडळींना तमाशाची ढोलकी. एझरिननं गिल्मोरला क्लबात जाऊन ऐकून ये म्हणून पाठवलं, गिल्मोर गेला, त्याला अजिबात आवडलं नाही, आणि तरी ड्रमवाल्या मेसननं ठोक्याला ठोका बास ड्रम वाजवलाच.

का वाजवला? पैसे. नॉर्टन वॉरबर्ग नावाच्या गुंतवणूक कंपनीत यांचे पैसे बुडाले होते, वर इंग्लंडचा ८३ टक्क्यांपर्यंतचा आयकर. म्हणून तर बिऱ्हाड उचलून फ्रान्सला गेले आणि अल्बम तिथे आणि लॉस एंजेलिसला केला. अडलेला माणूस डिस्कोही वाजवतो. यात लाज नाही, पण मग 'आम्ही सिंगल काढत नाही' असला आव तरी आणू नये.

बेसूर
जुनं_खोड, आर्थिक भाग मान्य. पण डिस्को म्हणून नाकं मुरडायचं कारण कळलं नाही. तो ठोका गाण्याला शोभतो! शाळेची घंटा, रांगा, एक-दोन-एक-दोन. यंत्रासारखा हवा होता, यंत्रासारखा आला. मी श्रेय एझरिनला देतोय, शिव्या नाही.

फळ्यावरचीबाई
मी २२ वर्षं शिकवतेय, त्यामुळे मला बोललंच पाहिजे.

सगळे एझरिन आणि गिल्मोरवर भांडताय, त्या पोरांचं कुणी बोलेना. लंडनमधल्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेची २३ मुलं, तेरा ते पंधरा वर्षांची. बँडचा ब्रिटानिया रो स्टुडिओ हाकेच्या अंतरावर. संगीताचे शिक्षक ॲलन रेनशॉ त्यांना तासाच्या वेळात घेऊन गेले, मुख्याध्यापिकेला न विचारता. बँड तिकडे अमेरिकेत, म्हणून ध्वनिमुद्रण इंजिनिअर निक ग्रिफिथ्सनं केलं, तेच आवाज बारा वेळा एकावर एक चढवून. म्हणून तो आख्ख्या शाळेचा कल्ला वाटतो. नंतर मुख्याध्यापिकाबाईंनी शब्द वाचले आणि मुलांना टीव्हीवर जायची बंदी केली. व्हिडिओत तोंड हलवणारी मुलं वेगळीच आहेत.

शाळेला मिळाले १,००० पौंड. मुलांना मानधन शून्य. गाणं 'शाळा पोरांना विटा बनवते' म्हणतं आणि गाण्यात पोरांचा वापर मात्र विटांसारखाच. मला हे झोंबतं.

लाकडीपूल
बाई, शाळेच्या मुलांना त्या स्टुडिओत स्वतःचं संगीत फुकट मुद्रित करायलाही मिळालं होतं, ते सोडलंत. आणि १९९६ मध्ये ब्रिटनचा कायदा बदलल्यावर त्यांना गायनाच्या रॉयल्टीवर हक्क मिळाला, २००४ मध्ये काहींनी तो मागितलाही. तेव्हा पंचवीस वर्षांनी का होईना.

फळ्यावरचीबाई
पंचवीस वर्षांनी! आमच्या सातव्या वेतन आयोगाचा फरकसुद्धा त्याआधी मिळाला हो.

आणि शब्दांबद्दल. लंडनच्या शिक्षण खात्यानं तेव्हा गाण्याला लाजिरवाणं ठरवलं, ते मला बावळटपणाचं वाटतं. वॉटर्सचा राग केंब्रिजच्या त्याच्या शाळेतल्या काही मास्तरांवर होता, शिक्षणावर नाही. टोमणे मारून पोराचं पाणी पाणी करणारे मास्तर मी स्टाफरूममध्ये बघितलेत. एकानं तर माझ्यासमोर एका मुलाची कविता वर्गात वाचून दाखवली, चिरक्या आवाजात. मुलगा हसत उभा होता, कान लालबुंद. त्यानंतर त्यानं वही कुणाला दाखवली नाही. 'छडी लागे छमछम' म्हणणाऱ्या आपण हे गाणं कळत नाही असं म्हणू नये.

सर्किट_हाऊस
बाईंना +१. पण मग गाणं कुणाचं, याचं उत्तर मला वाटतं इथे कुणीच दिलं नाही. १९८० च्या एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊनकडच्या 'कलर्ड' (मिश्र वंशाच्या) म्हणवल्या गेलेल्या मुलांनी निकृष्ट शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार टाकला आणि हेच गाणं म्हटलं. सरकारनं मे महिन्यात गाण्यावर बंदी घातली. तिथल्या पोरांना एझरिन माहीत असायचं कारण नाही आणि वॉटर्सचे मास्तर तर नाहीच नाही.

जुनं_खोड
हे म्हणजे भांडणातून अंग काढून घेणं झालं. लोकांनी उचललं म्हणून गाणं लोकांचं, मग पोवाड्याच्या शाहिराला काय द्यायचं? कागदावर गीतकार एकटा वॉटर्स आहे. इंग्लंडात पाच आठवडे पहिला नंबर, १९७९ चा नाताळ धरून. अमेरिकेत चार. त्याची बिदागी ज्याच्या नावावर गेली त्याचं गाणं. व्यवहार एवढाच असतो.

बेसूर
व्यवहार म्हणून ठीक. पण एझरिननं एक गोष्ट सांगितलीय: पोरांचं कडवं जोडलेली टेप त्यानं वॉटर्सला ऐकवली, वॉटर्सचा चेहरा एकदम निवळला, आणि हे मोठं गाणं होणार हे त्याला कळलंय असं दिसलं. लिहिणाऱ्याला स्वतःचं गाणं दुसऱ्यानं ऐकवावं लागलं, एवढंच मी म्हणत होतो.

सोलोबद्दल मात्र माघार. परत ऐकला. लाकडीपूल, चहा माझ्याकडून.

तिहाई
आणि चष्मा माझ्याकडून.