मदत हवी आहे: जुन्या घराचं अंगणाकडचं दार बदलायचंय, उजेड हवा पण पाऊस आणि ऊन आवरायला हवं

नमस्कार मंडळी,

विलेपार्ले पूर्वेला तळमजल्यावर आमचं घर आहे. इमारत १९६० च्या दशकातली, भार भिंतींवर असलेली. मागच्या खोलीचं अंगणात उघडणारं दोन झडपांचं सागवानी दार आता बदलायला हवं. वरच्या भागात छोटी तावदानं, खाली भरीव लाकूड. चौकटीला खालून वाळवी लागली आहे आणि पावसाळ्यात झडपा अशा फुगतात की आईला एकटीला दार उघडवत नाही. तिची दुपार त्याच खोलीत जाते, वाचन, भाजी निवडणं सगळं तिथेच. भर दिवसा तिला दिवा लावावा लागतो, हे मला फार खटकतं.

ओपनिंग साधारण सहा फूट रुंद, सात फूट उंच आहे. ते वाढवायचं नाही, वरच्या मजल्यांचा भार त्या भिंतीवर आहे. म्हणजे आहे त्याच मापात जास्तीत जास्त काच बसवायची.

स्लायडिंग घेतलं तर झडप खोलीत येत नाही आणि तिसऱ्या ट्रॅकवर मच्छरजाळी बसते, पण जायला-यायला जेमतेम तीन फूट मिळतात. यूपीव्हीसीला (कडक प्लास्टिकला) वाळवी नाही, गंज नाही, पण त्याच्या चौकटीची पट्टी जाड, तेवढी काच कमी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बारीक असते म्हणून माझा कल तिकडे आहे. कोटेशन देणारे काचेची जाडी लगेच सांगतात, पण चाकं आणि स्क्रू कोणत्या स्टीलचे हे विचारलं की उत्तर येत नाही. आपल्या खाऱ्या हवेत आधी तेच जातात. नेहमीच्या ३०४ ऐवजी ३१६ स्टील (खाऱ्या हवेत कमी गंजणारा प्रकार) आग्रहाने मागून घेतलेलं कोणी आहे का?

दार पश्चिमेला आहे. छज्जा दुपारचं ऊन अडवतो, पण चारनंतर सूर्य उतरला की ऊन थेट आत. काचवाले गडद काच सुचवतात. ती उन्हाबरोबर उजेडही अडवणार, मग दार बदलून मिळवलं काय? उजेड आत सोडून उष्णता बरीचशी परतवणारी लो-ई काच असते, पण तिचा लेप बहुतेक वेळा दुहेरी काचेच्या आतल्या बाजूला असतो. एकेरी काचेत तसा प्रकार कोणी पश्चिमेच्या दाराला लावलाय का, आणि एप्रिल-मे मध्ये फरक जाणवतो का?

तळमजला असल्यामुळे ग्रिल आहे, तीही उजेड खाते. लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर घालून जोडलेल्या दोन काचा) फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहते, नुसत्या टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेसारखे तिचे तुकडे होऊन वाट मोकळी होत नाही. तेवढ्या भरवशावर ग्रिल काढावी का? आईची तयारी नाही, आणि तिला काळजीत ठेवून मला काही करायचं नाही.

सगळ्यात अवघड आहे उंबरठा. सध्या चार इंच आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती वॉकर घेऊन चालते, त्यामुळे जमिनीला सपाट ट्रॅक हवासा वाटतो. पण नैऋत्येचा वारा पाऊस याच बाजूने आणतो, आणि ट्रॅकची बाहेरची कड ठेंगणी असली तर जोराच्या सरीत पाणी ट्रॅकमधल्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जायच्या आधी आत येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसल्या पुराला कुठलंच दार पुरणार नाही, पण नेहमीचा जुलै तरी निभावला पाहिजे. बाहेर दाराला लागून जाळीची पन्हळ काढून अंगणाला उलटा उतार द्यावा, की उंबरठा तसाच ठेवून दोन्ही बाजूंना लाकडी उतार करावा? घरात वॉकर किंवा व्हीलचेअर असलेल्यांनी यावर जरूर लिहा.

आमच्या सुताराने आणखी एक मार्ग सुचवलाय. झडपांचं सागवान चांगलं आहे, तर खालचं भरीव लाकूड काढून तिथे काच बसवायची, चौकट नवी करायची आणि उंबरठा ग्रॅनाइटचा. फुगण्याचं कारणही त्याने दाखवलं: झडपेच्या खालच्या कडेला कधी पॉलिशच लागलेलं नाही, लाकूड तिथूनच पाणी पितं. मला हा मार्ग मनापासून आवडलाय, फक्त काचेचं वजन जुन्या सांध्यांना पेलेल का? असं काम करून चार-पाच पावसाळे काढलेल्यांचं मत मला सगळ्यात मोलाचं वाटेल.

काम दिवाळीनंतर सुरू करायचंय. टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून मापं द्यायच्या आत निर्णय पक्का हवा. पार्ले-अंधेरी भागातला, जुन्या सागवानावर काम करणारा कोणी माहितीचा असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.