सायकल घरी धुता का? आपापले अनुभव सांगा

पोळा झाला, आता दसरा तोंडावर आला. पावसाळाभर गॅलरीत उभी राहून माझ्या सायकलच्या चेनवर तांबडा गंज चढलाय, मडगार्डखाली बेसा रोडची काळी माती आहे. व्हिडिओत सहा तऱ्हेचे ब्रश अन् चार शाम्पू दाखवतात. मला नागपूरच्या पाण्यात, नागपूरच्या मातीत कोण काय करतं ते ऐकायचंय. फजिती आधी सांगा.

महाल
आमच्या वाड्यात खांडेनवमीला सायकल धुणं हे बाबांचं खातं. बादली भरलेली असे, पण सायकलच्या वाट्याला त्यातलं जेमतेम तांब्याभर पाणी. बाकी सगळं फडक्यावर. जुन्या धोतराची पट्टी फाडून ती हबभोवती, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीभोवती, घालायची आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखी ओढायची. आऱ्यांच्या आत बोट पोचत नाही, पट्टी पोचते. दहा-बारा हिसक्यांत हब लख्ख. मग त्यावर रंगीत गोंड्यांचं कडं. मला तो नुसता नट्टापट्टा वाटायचा. चाक फिरलं की तेच कडं हबवरची धूळ पुसत राहतं, हे फार उशिरा लक्षात आलं. चेनला रेशनचं रॉकेल. आता ते कुठलं मिळायला, मी वाटीभर डिझेल घेतो, तेही अंगणातच.

मनीषनगर, चौथा मजला
मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर धुतली. हा शहाणपणा पुन्हा नाही. पारा 45 च्या आसपास, फेस पुसायच्या आत वाळला. त्यात बोअरचं पाणी. काळ्या फ्रेमवर पांढरे ओघळ असे उठले, जणू कोणी चुना लावला. पातळ व्हिनेगरच्या फडक्यानं निघाले, पण अख्खी संध्याकाळ गेली. आता सकाळी सहाला, सावलीत, अर्धी बादली. लगेच कोरडं फडकं. शेजारच्या काकूंचं ‘पाणी येत नाही अन् यांची सायकल आंघोळ करते’ हेही बंद झालं.

वाठोडा
धुता कायले बाप्पा? आषाढात बाहेर उभी करून द्या, देवच धुऊन देते.

त्रिमूर्तीनगर
वरच्या भाऊंचं ऐकू नका. मी तेच जरा जोरात केलं होतं. गाड्या धुतात तिथं नेऊन प्रेशरनं मारून घेतली. दिसायला शोरूममधली. पंधरा दिवसांनी पायडल मारलं की खालून कर्रकर्र. मिस्त्रीनं एक्सल उघडला तर ग्रीसच्या जागी चहासारखं पाणी, छर्रे गंजलेले. सगळी खोलून, साफ करून नवं ग्रीस भरावं लागलं, म्हणजे ओव्हरऑइल.

फुटाळा
डिस्क ब्रेक कुईकुई करतो म्हणून मी डिस्कवर तेल सोडलं. हसून घ्या. दुसऱ्या दिवशी सेमिनरी हिल्सच्या उतारावर ब्रेक दाबतोय अन् सायकल आपल्याच नादात. चप्पल घासत थांबलो. डिस्क स्पिरिटनं पुसून वाचली, पॅड मात्र तेल पिऊन बसले होते, नवे घ्यावे लागले. आता चेनला तेल देताना डिस्कवर जुनी पिशवी बांधतो.

हिंगणा रोड
रोज कंपनीत सायकलनं जाते, म्हणून मातीबद्दल सांगते. ‘चिखल वाळू द्या, मग झटका’ हे मुरमाला ठीक. काळी माती वाळली की मडगार्डमध्ये वीटच होते. घरी पोचल्या पोचल्या, ओली असतानाच कुल्फीच्या काडीनं उकरते, वरून दोन मग पाणी. चेन कोरडी केल्यावर शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक सांध्याला एकच थेंब. पायडल उलटं दहा वेळा फिरवून वरचं तेल पुसून काढायचं. हे पुसणं आमच्याकडे कोणीच करत नाही! थबथबलेल्या चेनवर इथली धूळ बसली की पॉलिश पेपरच तयार होतो, दाते खातो.

बेसा, धागा काढणारा
आज बसलो. डिझेल, जुना टूथब्रश, बनियनचं फडकं. तिसऱ्या वाटीला डिझेल जरा स्वच्छ दिसलं. चेन चमकली म्हणून हौसेनं पट्टी लावली. 24 सांधे बरोबर 12 इंचांत बसायला हवेत, माझे झिजून सव्वाबारापर्यंत गेलेत. म्हणजे दोन तास जी घासली ती चेनच बदलायची आहे. सोबत मागची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र, तेही जाईल का?