चेहऱ्यावरून युरोपियनांचे प्राचीन पूर्वज ओळखता येतात का?

अश्मयुगी: फोटो बघून "हा यमनाया, हा शिकारी" म्हणायची टूम निघाली आहे. थट्टा करा, पण ढोबळ अंदाज बांधता येतो असं माझं मत. युरोपचे मुख्य पूर्वगट तीन: मूळचे शिकारी-संग्राहक, अनातोलियातून आलेले शेतकरी, आणि सुमारे 5,000 वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून पसरलेले यमनाया पशुपालक. सार्डिनियात शेतकऱ्यांचा वाटा सर्वांत जास्त, बाल्टिककडे शिकाऱ्यांचा. दोन्हीकडची माणसं शेजारी उभी करा, फरक दिसतोच.

गुणसूत्र: दिसतो तो आजच्या प्रदेशाचा फरक. रंगाने तर हमखास फसगत होते. स्पेनमधल्या ला ब्रान्याचा शिकारी, सुमारे 7,000 वर्षांपूर्वीचा: डोळे निळे, कातडी काळसर. यमनायांचे डोळे बहुतेक तपकिरी. म्हणजे "निळे डोळे, म्हणून यमनाया" हे साफ उलटं. आल्प्सच्या बर्फात सापडलेला प्राचीन माणूस, ओट्झी, घ्या. 2023 च्या जनुकविश्लेषणात तो 90 टक्क्यांहून जास्त शेतकरी वंशाचा, सावळा आणि टक्कल पडत चाललेला निघाला. संग्रहालयातला त्याचा पुतळा मात्र लांब केसांचा!

कवटीमाप: रंग सोडा, हाड बघा. भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या, कानांच्या वर जिथे सर्वांत जास्त भरेल तिथे रुंदी. रुंदी भागिले लांबी गुणिले 100. 75 च्या खाली लांबट डोकं, 80 च्या वर गोल. हे फोटोवरून होत नाही. सेल्फीत हातभर अंतरावरून नाक फुगतं आणि कान मागे जातात. फोटोच हवा तर दीड-दोन मीटरवरून काढा, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत ठेवून. हनुवटी जरा उचलली की कपाळ उतरतं दिसतं आणि लोक लगेच "आदिम" म्हणतात.

गुणसूत्र: माप बिनचूक घ्या हो, पण निष्कर्ष? दोरीच्या ठशांची भांडी करणारे कॉर्डेड वेअर लोक लांबट डोक्यांचे. मध्य युरोप-ब्रिटनमधले घंटेच्या आकाराची भांडी करणारे बेल बीकरवाले गोल डोक्यांचे, मागून सपाट. दोघांतही यमनाया वंश भरपूर! मग तुमचा आकडा कोणाकडे बोट दाखवणार?

अश्मयुगी: म्हणजे चेहरा आनुवंशिक नाही?

गुणसूत्र: आहे की. नाकाच्या मुळाशी पॅक्स-3 जनुकाचा हात आहे हे माहीत आहेच. पण चेहरा घडवणाऱ्या डीएनएमधल्या जागा शेकडो, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर, आणि तिन्ही पूर्वगटांकडून आलेल्या जनुकांच्या प्रती आज जवळपास प्रत्येक युरोपियनात मिसळलेल्या. सख्ख्या भावांचं पूर्वगटांचं प्रमाण जवळजवळ सारखं, तोंडं वेगळी. आपल्याकडे रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1901 च्या जनगणनेच्या काळात नाकं मोजून जातींची उतरंड लावली होती. घारे डोळे दिसले की परदेशी पूर्वज शोधणारे अजून आहेतच.

कवटीमाप: रिस्लेला मध्ये आणू नका. एकट्या माणसाबद्दल मान्य, पण दफनभूमीतल्या पन्नास कवट्या असतील तर सरासरी काहीतरी सांगते.

गुणसूत्र: पन्नास कवट्यांना माझी हरकत नाही. धागा एका फोटोवर निघालाय. वंशाचं प्रमाणच हवं असेल तर घरगुती चाचणीच्या फाइलमध्ये डीएनएमधल्या साधारण 6-7 लाख जागा मिळतात, त्या तिन्ही गटांच्या प्राचीन नमुन्यांशी ताडून बघा.

अश्मयुगी: तरी सार्डिनियावाला मी ओळखेनच.