‘सोन्यामुळे मोठं झालेलं लंगडं पोरगं’ म्हणणाऱ्यांना उत्तर (तुतनखामुन)

जुनाबाजार:
काल एका ग्रुपवर इजिप्तमधल्या गीझाच्या नव्या म्युझियमचे फोटो कोणीतरी टाकले, आणि त्याखाली खडूस_आजोबा यांनी लिहिलं, "इजिप्तचा जुना राजा तुतनखामुन म्हणजे नऊ वर्षं गादीवर बसवलेलं लंगडं पोरगं, कर्तृत्व शून्य, चोरांना सापडला नाही म्हणून मोठा झाला. त्याच्यासाठी विमानाचं तिकीट कोण काढतं!" तिथे कमेंट बंद केल्या म्हणून इथे लिहितोय, आणि मोठं लिहिणार आहे, ज्याला वेळ नाही त्याने पुढे सरकावं.

आजोबा, चोरांना तो सापडला होता. चांगला दोनदा. मलमाच्या भांड्यात चोरांच्या बोटांच्या खुणा तशाच होत्या, आणि सोन्याच्या अंगठ्या एका फडक्यात गाठ मारून बांधलेल्या, त्या टाकून गडी पळाला. मग पहारेकऱ्यांनी भोक बुजवून पुन्हा सील केलं. पुढे राजा रामसेस सहाव्याच्या थडग्याचं काम निघालं तेव्हा मजुरांच्या झोपड्या नेमक्या याच्या डोक्यावर पडल्या, आणि कोणाला पत्ताच राहिला नाही. ४ नोव्हेंबर १९२२ ला थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश उत्खननवाल्याच्या माणसांना पहिली पायरी लागली ती त्या झोपड्यांच्या खालीच.

आणि आत नुसतं सोनं होतं हे कोणी सांगितलं? ५३९८ वस्तू, बाहेर काढायला दहा वर्षं गेली. त्यात लंगोट आहेत, भाकऱ्या आहेत, लहानपणची खुर्ची आहे, दारूच्या रांजणांवर कितव्या वर्षाची आणि कोणत्या मळ्याची ते लिहिलंय. एकात एक बसणाऱ्या इवल्याशा शवपेट्यांत आजीच्या, म्हणजे राणी तियेच्या केसांची बट आहे. दोन मुली पोटातच गेल्या, त्या दोन्ही त्याच्याबरोबर ठेवल्यात. एवढं घरातलं सामान दुसऱ्या कोणत्या फॅरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं, बघायला मिळतं ते सांगा.

खडूस_आजोबा:
कोणीतरी लिंक पाठवली म्हणून आलो. आधी हे की मी आजोबा नाही, वय ५२, नाव गमतीने घेतलंय.

केसांची बट वगैरे ठीक आहे हो, पण राजा म्हणून केलं काय? बापाने, बहुतेक अखेनातेनच, बाकीचे देव बाजूला सारून एकट्या आतेन या सूर्यदेवाची पूजा लावली, राजधानी उचलून अमार्नाला नेली, देवळं ओस पडली. हा आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर बसला, तुतनखातेनचा तुतनखामुन झाला, जुना देव आमुन परत आला, देवळं उघडली. हे काय चौथीतल्या पोराने ठरवलं? आय नावाचा म्हातारा आणि सेनापती हॉरेमहेब हे दोघं गाडा ओढत होते. देवळं पुन्हा चालू केल्याचा जो शिलालेख आहे त्यावर पुढे हॉरेमहेबने आपलं नाव घातलं, आणि अबायडोसच्या देवळात नंतरच्या राजा सेती पहिल्याने राजांची यादी कोरली त्यात हा नाहीच! त्यांच्याच लोकांनी ज्याला मोजलं नाही त्याला आपण डोक्यावर घ्यायचं. थुटमोस तिसऱ्याने मेगिद्दोची लढाई मारली, रामसेस दुसरा ६६ वर्षं राज्य करून गेला, त्यांची थडगी चोरांनी धुऊन नेली एवढाच त्यांचा गुन्हा.

शिवाय तुमचं ते घरातलं सामान, त्यातलं बरंच सेकंडहँड आहे. आतडी-काळीज ठेवायच्या सोन्याच्या छोट्या पेट्यांच्या आत आधीचं नाव खोडून याचं घातलंय.

कोकणी_कावळा:
सामानाचं चाललंय म्हणून सांगतो. आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो, लक्सरला पहाटे चारला उठवलं, व्हॅली ऑफ द किंग्जला, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या खोऱ्यात, नेलं आणि तिथे कळलं की तुतनखामुनच्या थडग्याचं तिकीट वेगळं असतं आणि आमच्या पॅकेजमध्ये ते नाही. स्वतःच्या पैशाने काढतो म्हटलं तर "वेळ नाही सर". बरं, त्याच सकाळी पपायरसच्या (जुन्या इजिप्शियन कागदाच्या) दुकानात दीड तास बसवलं! दीड तास. चहा पाजला आणि केळीच्या सालीसारखं काहीतरी बायकोच्या गळ्यात मारलं. ममी तिथेच थडग्यात आहे, मी पन्नास पावलांवरून परत आलोय.

जुनाबाजार:
कावळेभाऊ, दुःख समजलं, पण विषय वेगळा आहे.

सेकंडहँड आहे हे मान्य, उलट मला तेच आवडतं. पोरगं अठरा-एकोणीसचं, अचानक गेलं, सगळी धावपळ. थडगं चारच खोल्यांचं, भिंतींवरचा रंग धड वाळलेला नसताना बंद केलं म्हणून त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके आहेत. बाहेरची शवपेटी दगडी पेटीत बसेना, झाकण लागेना, तेव्हा सुताराने तिच्या पायाची बोटं तासली, त्या ढलप्या खाली तशाच पडलेल्या मिळाल्या. सोन्याच्या मुखवट्याचे फोटो सगळे काढतात, मी त्या ढलप्या बघायला जाईन. आणि हॉरेमहेबने नाव खोडलं ते बापाच्या पापापायी, पोराच्या नालायकीने नाही.

निमाताई:
सकाळपासून वाचतेय आणि तुम्हा दोघांना एक शब्द खटकला नाही. "लंगडं पोरगं". जुनाबाजार, तुम्ही तर तो शीर्षकात घातलाय, उत्तर मात्र त्याला नाही.

माझा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. तेव्हा आमच्या तालुक्याला दर आठवड्याचं प्लास्टर वगैरे काही नव्हतं, आठव्या वर्षी ऑपरेशन झालं तेही अर्धवट. शाळेत मला नावाने कोणी हाक मारली नाही, काय मारायचे ते तुम्हाला माहितीय, तुम्ही वर लिहिलंयच. बाबांनी मला वेळूची काठी तासून दिली होती, मुठीला सायकलच्या हँडलचं रबर.

तर याच्या थडग्यात १३० च्या आसपास काठ्या आहेत, आणि त्यात एक साधी बोरूची आहे, सोन्याने मढवलेली, तिच्यावर लिहिलंय की महाराजांनी ही स्वतःच्या हाताने कापली. राजवाड्यात सुतार-सोनार हात जोडून उभे असताना स्वतः कापली. त्या छोट्या सोनेरी देव्हाऱ्यावर तो बसून बाण मारतोय आणि बायको पायाशी बसून हातात बाण देतेय. मला ते चित्र कळतं. तुम्हाला नाही कळणार.

खडूस_आजोबा:
ताई, तुमच्या त्रासाबद्दल आदर आहे, पण पुरावा म्हणून हे चालत नाही. काठी ही तिथे मानाची खूण होती, अधिकारी लोकसुद्धा हातात काठी घेऊन चित्रात उभे असतात. पाय वाकडा होता हे २०१० च्या डीएनए आणि स्कॅनवाल्या टीमने म्हटलं, मलेरियाही त्यांनीच सांगितला, पण दुसऱ्या तज्ज्ञांनी लगेच शंका काढली. ममीचे कार्टरच्या लोकांनी १९२५ मध्ये तुकडे केले, डांबरासारख्या राळेत घट्ट बसली होती म्हणून आधी उन्हात तापवली आणि मग गरम सुऱ्या लावल्या. अशा शरीराचा पाय बघून काय ठरवणार? आणि थडग्यात सहा रथ आहेत, त्यांचं काय?

निमाताई:
त्याच टीमने काही काठ्यांवर वापरल्याच्या खुणा आहेत असंही लिहिलंय, ते सोयीस्कर विसरलात. मानाची काठी झिजते का? आणि रथाचं म्हणाल तर मी स्कूटी चालवते, चालतानाच मला त्रास होतो.

शिवाय गंमत बघा. पाय वाकडा नव्हता असं तुम्हीच म्हणताय, मग काल "लंगडं" कशाच्या जोरावर लिहिलंत? चिडवायचं असलं की पुरावा लागत नाही, फक्त आमच्याकडून मागायचा.

कोकणी_कावळा:
😂 आजोबा, बसा खाली.

खडूस_आजोबा:
कावळ्या, तू पपायरस विक.

अवलिया७१:
मूळ चोर राहिला बाजूला. सगळे कार्टर कार्टर करताय, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१० मध्ये या थडग्यातल्या १९ वस्तू इजिप्तला परत द्यायचं कबूल केलं, त्या तिथे चालत गेल्या होत्या का? थडग्याची बातमी लंडनच्या टाइम्सला विकली, कैरोच्या पत्रकारांनी स्वतःच्या देशातली बातमी परक्या पेपरातून घ्यायची!

जुनाबाजार:
अवलियाशेठ, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

निमाताई, शीर्षकाबद्दल माफी, अवतरणात घातलं की आपण सुटलो असं मला वाटलं होतं. आता बदलता येत नाहीये, एडिटची वेळ संपली.

खडूस_आजोबा:
"लंगडं" मागे घेतो. तर्कात सापडलो म्हणून घेतोय, कावळा हसला म्हणून नाही. बाकी मत तेच, राजा म्हणून शून्य. ती स्वतः कापलेली काठी मात्र मला माहीत नव्हती. बघायला पाहिजे.

कोकणी_कावळा:
या काठ्या लक्सरला आहेत की कैरोला? बायको म्हणतेय परत जायचं असेल तर आधी नीट विचारून घे.

निमाताई:
गीझाला, नव्या म्युझियममध्ये. १ नोव्हेंबर २०२५ ला उघडलं, थडग्यातलं सगळं सामान पहिल्यांदाच एकत्र मांडलंय. ममी अजून लक्सरलाच, तिचं तिकीट वेगळं, आधीच काढा. आणि चहा कोणी पाजला तरी पिऊ नका.