तातडीने सांगा: मुलाला दाखवावं की नको? नवरा नाही म्हणतोय

वैतागवाडी (धागाकर्ती)
शाळेतून चिठ्ठी आलीय, पाल्यास समुपदेशकाकडे न्यावे. बाईंना डिस्लेक्सियाचा (हुशार असूनही अक्षरं वाचता-लिहिताना अडणं) संशय आहे. नवरा म्हणतो, काही झालेलं नाही, मीही असाच होतो. सासूबाई म्हणतात, आमच्याकडची मुलं उशिराच वाचतात. सोमवारी शाळेला लेखी उत्तर द्यायचंय. नेऊ की नको, एवढंच सांगा.

जुनी_पेटी
अहो, मुलगा केवढा? कितवीत? माध्यम? गाव?

गणितवाला
अबॅकस लावा. पुतण्याला लावला, एकाग्रता वाढली. पाटीवर गिरवणं गेलं तिथेच सगळं बिघडलं.

चाफेकळी
गणितवाला, प्रश्न वाचनाचा आहे. तुम्ही प्रत्येक धाग्यावर अबॅकस विकता.

वैतागवाडी
दुसरी, सेमी इंग्रजी, कल्याण. अबॅकस चालू आहे, त्यात पहिला येतो! तोंडी सगळं येतं. कविता चालीसकट पाठ. पण पुस्तकातलं चित्र हाताने झाकलं की वाचन बंद. घरचं धर, भातचं मात. जोडाक्षर आलं की पोटात दुखायला लागतं. आता तरी सांगा, नेऊ का?

रानमेवा
घ-ध सगळीच पोरं करतात. थांबा वर्षभर.

जुनी_पेटी
वीस वर्षं प्राथमिकला शिकवतेय. नुसत्या घ-धवर मीही काही बोलले नसते. चित्र झाकल्यावर अडणं खटकतं. अक्षर आणि त्याचा आवाज डोक्यात जुळत नाही, म्हणून पोर अंदाजावर आणि पाठांतरावर निभावून नेतं. हुशार असलं तर चौथीपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही. डोळे-कान तपासलेत? आणि नवरा ‘असाच’ म्हणजे कसा होता?

वैतागवाडी
डोळे-कान ठीक. नवऱ्याचा काय संबंध? दहावीला मराठीत दोनदा राहिला. आता फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिलची मापं तोंडपाठ. कोटेशन हाताखालचा पोऱ्या लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपवर मला फक्त आवाज पाठवतो, टाइप कधी करत नाही.

जुनी_पेटी
संबंध आहेच. हे घराण्यात उतरतं. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. सासूबाई म्हणतात ते ‘आमच्याकडे उशिराच’ हेच असू शकतं. तपासणीत घरातल्यांचं शिक्षण विचारतात, तेव्हा हे सगळं सांगा.

अण्णा_नाना
आता नवऱ्याचंही सर्टिफिकेट काढा! आम्ही छड्या खाऊन वाचायला शिकलो. एकदा शिक्का बसला की पोर त्याच्याआड लपतं.

चाफेकळी
अण्णा, माझा भाऊ छड्या खाऊन शिकला नाही, नववीत शाळा सोडून पळाला. त्याला ‘ढ’ म्हणायचे, तो शिक्का चालतो तुम्हाला?

रानमेवा
सेमी काढून पूर्ण मराठीत घाला. दोन लिप्यांनी गोंधळ होतो.

जुनी_पेटी
घोळ मराठी अक्षरातच आहे, माध्यम बदलून काय होणार? चाचणी मात्र मराठीत करून मागा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली ‘डाली’ चाचणी मराठीतही आहे. नुसता इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन निकाल दिला तर मान्य करू नका. मुंबईत सायन, नायर, केईएमला हे काम होतं. एका फेरीत आटपत नाही, बुद्ध्यांक वेगळा, वाचन-लेखन वेगळं. शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तक बरोबर ठेवा. वय किती पूर्ण?

वैतागवाडी
साडेसात.

जुनी_पेटी
मग सर्टिफिकेटचा विषय तूर्त नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे आलं, पण प्रमाणपत्र आठ पूर्ण झाल्यावर. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे त्यावर मिळतं. पण शिकवण्याची पद्धत बदलायला कागद कशाला हवा? ते आजच सुरू करा, आठची वाट बघू नका.

गणितवाला
ब्राह्मीचं सरबतही चांगलं. दुकानात मिळतं ते नव्हे, घरचं.

वैतागवाडी
सोमवारी लिहू काय ते सांगा ना!

जुनी_पेटी
“तपासणी करून घेत आहोत. तोवर वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये, प्रश्न तोंडी विचारावेत, फळ्यावरचं उतरवताना शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.” सही दोघांची.

वैतागवाडी
दोघांची कशी होणार, तो मुळातच नाही म्हणतोय. बघते. बुधवारी सायनला जायचं तर केसपेपर किती वाजता मिळतो?

निळीशाई
मध्येच विचारते. माझी मुलगी नववीत, तिच्या वह्या अशाच आहेत. कॉन्व्हेंट. चौदा पूर्ण. आता उशीर झालाय का?