मदत हवी आहे: गरोदरपणातली सिगारेट आणि बाळाचे दात

पाचवा महिना सुरू आहे, राहते कोथरूडला. हिंजवडीत नोकरी, टपरीवर चहासोबत सिगारेट ठरलेली. दिवस गेल्याचं आठव्या आठवड्यात कळलं, त्या दिवसापासून बंद. पण दुधाच्या दातांचे अंकुर म्हणे सहाव्या आठवड्यातच धरतात, म्हणजे तेव्हा मी ओढतच होते. दुभंगलेल्या ओठ-टाळूचा धोका धूम्रपानाने वाढतो हे माहीत आहे, सोनोग्राफीत ओठ नीट दिसले. दातांचं काय? कमी येणं, लवकर किडणं, असं कुणाच्या मुलांत दिसलंय का? नवरा अजून गॅलरीत ओढतो. (सासूबाई मला बोलतात, स्वतः मात्र रोज मशेरी लावतात!) कोथरूड-कर्वेनगर भागात लहान मुलांचे चांगले डेंटिस्ट सुचवा. पहिला दात आल्यावर न्यायचं की आधीच भेटायचं? उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो.