ग्राझचं शस्त्रागार कसं वाचलं

नेहमी म्हटलं जातं की जुन्या शस्त्रागारांच्या इमारती उरतात, पण आतलं सामान भंगारात जातं. बहुतेक ठिकाणी ते खरंच आहे. म्हणूनच ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचं उदाहरण द्यावंसं वाटतं.

हेरेनगासे या मुख्य रस्त्यावरची ही इमारत 1642 ते 1645 या काळात बांधली गेली. ग्राझ ज्यात येतं तो स्टायरिया प्रांत तेव्हा तुर्कांविरुद्धच्या लढायांची पिछाडी सांभाळत होता. हत्यारं इथूनच सैन्याला जायची. पुढे तुर्कांचा धोका ओसरला. 1749 च्या सुमारास ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिने सैन्याचा कारभार व्हिएन्नाकडे घेतला आणि प्रांतांची शस्त्रागारं मोडीत काढायचं ठरवलं. स्टायरियाच्या प्रांतसभेने मात्र विनंती केली की आमच्या पूर्वजांच्या पराक्रमाची खूण म्हणून हे राहू द्या. ती मान्य झाली! त्या काळात कोणी कामातून गेलेली हत्यारं आठवण म्हणून जपायला मागावीत, हे मला फार मोठं वाटतं.

आज तिथे सुमारे 32,000 वस्तू आहेत. दारावर मार्स आणि मिनर्व्हा या रोमन युद्धदेवतांचे पुतळे, आत चार मजले. काचेच्या कपाटांपेक्षा लाकडी मांडण्याच जास्त. तोड्याच्या (जळत्या वातीने उडणाऱ्या) बंदुका खांद्याला खांदा लावून उभ्या, पिस्तुलं ओळीने टांगलेली, साध्या शिपायांची चिलखतं एकाला एक खेटून. सरदारांची नक्षीदार चिलखतं कुठेही बघायला मिळतात; साध्या शिपायाचं इतकं सामान एका जागी क्वचितच सापडतं.